घोड्याचा भाव आणि न हसणारी मुलगी

मागच्या अंकात मी वाचकांना एक प्रश्न टाकला होता. घोडे, पिस्तुलं आणि धुळीचे लोट असलेली अमेरिकी ‘वेस्टर्न’ कादंबरी वाचताना तुम्हाला कधी खळखळून हसू आलंय का? माझं उत्तर ‘हो’ होतं आणि पुरावा म्हणून चार्ल्स पोर्टिस यांच्या ‘ट्रू ग्रिट’बद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांनी एक अख्खी फाइल भरली. त्यातली ही सात पत्रं.

या पुस्तकांशी माझं नातं जुनं आहे. वडील मनमाडला रेल्वेत गार्ड होते. ड्यूटीवरून परतले की जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ‘सडन’ मालिकेतली किंवा लुई लामूर या लेखकाची एखादी मुखपृष्ठ गळून पडलेली वेस्टर्न कादंबरी असायची, पानांना इंजिनाच्या काजळीचा वास. ‘रँच’, ‘सॅडल’, ‘शेरिफ’ हे शब्द मी शाळेच्या इंग्रजीआधी त्या पानांवर शिकले. पुढे वाचनालयात तीस वर्षं इंग्रजी विभाग सांभाळला, तेव्हाही हे कपाट मी कधी अडगळीत जाऊ दिलं नाही.

‘सडन’ची पुस्तकं कॉलेजात असताना भाड्याने आणून रात्र-रात्र वाचली. आता पुन्हा हातात घेतली तर दहा पानांत कंटाळलो. दर प्रकरणात एक गुत्ता, एक गोळीबार. विनोदी वेस्टर्न म्हणजे नेमकं काय असतं? सुरुवात कुठून करू? — एक शिक्षक, परभणी

सर, ‘ट्रू ग्रिट’पासूनच करा. १९६८ साली ती आधी ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या नियतकालिकात क्रमशः आली आणि त्याच वर्षी पुस्तकरूपात. गोष्ट सांगते मॅटी रॉस. तिच्या वडिलांना टॉम चेनी नावाच्या गड्याने आर्कान्सॉ राज्यातल्या फोर्ट स्मिथ गावात गोळी घालून मारलं, तेव्हा ती १४ वर्षांची होती. ती घर सोडून निघते, रूस्टर कॉगबर्न हा एका डोळ्याचा, दारू पिणारा मार्शल, म्हणजे सरकारी पोलीस अधिकारी, भाड्याने ठरवते आणि खुन्याच्या मागे जाते.

पहिल्याच परिच्छेदात ती काय करते बघा. वडिलांचा खून सांगता सांगता चोरीला गेलेल्या मालाची यादी देते: घोडा, रोख १५० डॉलर आणि कमरपट्ट्यात ठेवलेली कॅलिफोर्नियाची सोन्याची दोन नाणी. मुलीच्या डोळ्यांत पाणी असणार, पण हिशोब चुकत नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा इथे हसू की रडू कळेना. पुस्तकभर मनाची तीच अवस्था राहते.

पुढे स्टोनहिल येतो. घोड्यांचा आणि कापसाचा व्यापारी, गावात वजनदार माणूस. मॅटीच्या वडिलांनी मरण्याआधी त्याच्याकडून तट्टं विकत घेतली होती आणि त्यांचा घोडा त्याच्याच तबेल्यातून चोरीला गेला होता. मॅटी म्हणते, तट्टं परत घ्या, चोरीला गेलेल्या घोड्याची भरपाई द्या आणि खुन्याने मागे टाकलेल्या करड्या घोड्याचेही पैसे द्या. तो हसतो, चिडतो, उपदेश करतो. ती एकच गोष्ट करते: आकडा सांगते. तो म्हणतो, तट्टं मी घेणारच नाही. ती म्हणते, मग चोरीला गेलेल्या एकट्या घोड्याची किंमत आता तिन्हींच्या बेरजेइतकी. मधूनमधून घरच्या वकिलाचं नाव काढते, आणि त्या नावाने स्टोनहिलला धडकी भरते. पुढे तीच मुलगी त्याच्याकडे परत येते आणि त्यातलंच एक तट्टू विकत मागते. भाव कुठला? आधी त्यानेच, ही जनावरं साबणाच्या कारखान्याला गेली तर जेमतेम काय मिळेल ते रडत सांगितलं होतं, तो.

आमच्याकडच्या गुरांच्या बाजारात मी लहानपणी वडिलांबरोबर उभी राहिले आहे. तिथे हेडी लोक रुमालाखाली हात घालून बोटं दाबत भाव ठरवायचे, तोंडाने एक शब्द नाही. मॅटी तोच खेळ रुमाल काढून, मोठ्याने खेळते. तिला आपण विनोद करतोय याची कल्पनाही नाही. तिच्या दृष्टीने हा न्यायाचा प्रश्न आहे. सर, विनोदी वेस्टर्न म्हणजे हेच, असं माझं ठाम मत आहे. सांगणाऱ्याचा चेहरा मख्ख हवा, आणि गोष्ट घोड्याच्या भावाची, पोटाची, दातदुखीची हवी. पिस्तूल मग आपोआप खरं वाटू लागतं, कारण ते चालवणारा माणूस खरा झालेला असतो.

मला तुमचं म्हणणं पटत नाही. वेस्टर्नचा कणा म्हणजे शब्दाला जागणारा एकटा माणूस. त्याची थट्टा केली की उरतं काय? विनोद हवा तर आपल्याकडे चिमणराव आहेत. — निवृत्त बँक अधिकारी, पुणे

साहेब, चिमणरावांवर माझंही तितकंच प्रेम आहे. पण शब्दाला जागणारा माणूस आणि विनोद यांचं वैर आहे, हे मला मान्य नाही. लॅरी मॅकमर्ट्री यांची ‘लोनसम डव्ह’ घ्या. १९८५ साली आली, दुसऱ्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. दोन म्हातारे होऊ घातलेले माजी टेक्सास रेंजर (त्या राज्याचे सशस्त्र पोलीस), ऑगस्टस ऊर्फ गस आणि कॉल, रिओ ग्रांदे नदीच्या काठावरून गुरांचा कळप घेऊन पार उत्तरेतल्या मोंटानापर्यंत निघतात. तुम्हाला हवा तो एकटा, शब्दाचा पक्का माणूस म्हणजे कॉल. त्याने मित्राला दिलेला शब्द पाळण्यासाठी काय सोसलं ते वाचताना मी तरी पुस्तक मिटून गप्प बसले होते.

आणि त्याच पुस्तकाची सुरुवात दोन डुकरं साप खाताना होते. गस अंगणात पहाटे स्वतःच्या हाताने आंबवलेल्या पिठाची बिस्किटं भाजतो आणि सूर्य उगवताना बघत बसतो. त्याने धंद्याच्या पाटीवर बजावून लिहिलंय की आम्ही डुकरं भाड्याने देत नाही. शोभेला पाटीखाली एक लॅटिन वाक्यही घातलंय. त्याचा अर्थ त्याला ठाऊक नाही, पण दिसायला भारदस्त वाटतं म्हणून. कॉलचा शब्द इतका जड का वाटतो? कारण शेजारी हा अखंड बोलणारा गस आहे. गस नसता तर कॉल पुतळा झाला असता.

अजून एक. मॅकमर्ट्री टेक्सासच्या रँचवाल्या घरात वाढले होते, त्यामुळे काउबॉयचं काम त्यांना ठाऊक होतं. कळप दिवसाला दहा-पंधरा मैल चालायचा, दोन-अडीच हजार जनावरांमागे दहा-बारा माणसं, मागच्या माणसाच्या नाकातोंडात दिवसभर धूळ, आणि सगळ्यांची मदार स्वयंपाक्याच्या गाडीवर. १८६७ पासून गुरं कॅन्ससमधल्या ॲबिलीनच्या रेल्वेपर्यंत चालवत नेऊ लागले. १८७४ साली ग्लिडन नावाच्या माणसाने काटेरी तारेचं पेटंट घेतलं, कुरणांना कुंपणं पडली, रूळ खाली सरकत आले, १८८६-८७ च्या हिवाळ्यात गुरं गोठून मेली. जेमतेम वीस वर्षांचा खेळ. इतक्या छोट्या, कष्टाच्या काळावर इतका मोठा पुतळा उभा राहिला, तर त्याच्या बुटाखालची माती दाखवणारा लेखक मला अधिक प्रामाणिक वाटतो. माझे वडील रेल्वेतले, म्हणून असेल, पण गुरं रेल्वेपर्यंत पोचवण्याची ती धडपड मला कुठल्याही गोळीबारापेक्षा जास्त खिळवून ठेवते.

मी इंग्रजी साहित्यात एम.ए. करतेय. वेस्टर्न वाचताना हसू येतं आणि लगेच अपराधी वाटतं, कारण ज्यांची जमीन गेली ते आदिवासी एकतर खलनायक असतात, नाहीतर विनोदाचं निमित्त. मग हे वाचायचं तरी का? — नागपूर

तुला अपराधी वाटतं ते बरोबरच आहे, आणि ते वाटणं सोडू नकोस. मार्क ट्वेनचं ‘रफिंग इट’ (१८७२) मला फार आवडतं. १८६१ साली तो मोठ्या भावाबरोबर घोडागाडीतून नेव्हाडाला गेला त्याची हकीकत. दीडशे डॉलर तिकीट, माणशी पंचवीस पौंड सामान, आणि त्या सामानात भावाने घेतलेला सहा पौंडांचा शब्दकोश, जो गाडी उसळली की सगळ्यांच्या अंगावर आदळत राहतो. पण त्याच पुस्तकात गोशूट या आदिवासी लोकांवरचं एक प्रकरण आहे आणि ते निव्वळ तुच्छतेने भरलंय. तिथे मख्ख चेहऱ्याची कला नाही, माणुसकीही नाही. वाचनालयात हे पुस्तक मुलांच्या हाती देताना मी ते प्रकरण लपवलं नाही, दाखवून दिलं. इतका तल्लख माणूस इथे कसा आंधळा झाला, हे मुलांनी बघायला हवं.

उलट बाजूने थॉमस बर्जर यांची ‘लिटल बिग मॅन’ (१९६४) वाच. १११ वर्षांचा जॅक क्रॅब आपली गोष्ट सांगतो. लहानपणी तो शायेन या आदिवासी लोकांत वाढला, मग गोऱ्यांत, मग पुन्हा शायेन. बढाई आहे, थापा आहेत, पण हसू येतं ते गोऱ्यांच्या जगावर. शायेन स्वतःला ‘माणसं’ म्हणतात, आणि क्रॅब जसजसा दोन्हीकडे हिंडतो तसतसा तो शब्द गोऱ्यांना लावायला आपली जीभ अडखळते. आणि मग १८६८ ची वॉशिता नदी येते, जिथे अमेरिकी सैन्यातल्या कस्टरने पहाटे झोपलेल्या वस्तीवर हल्ला केला. तिथे हसू थिजतं. बर्जरने ते थिजू दिलंय, म्हणून मी त्याला मानते.

पण बर्जर ओहायोचा गोरा लेखक. त्याच्यावर थांबू नकोस. जेम्स वेल्श हे ब्लॅकफीट आणि ग्रो व्हाँत्र या आदिवासी जमातींतले लेखक. त्यांची ‘फूल्स क्रो’ (१९८६) मोंटानातल्या पिकुनी (ब्लॅकफीटांचीच एक शाखा) लोकांच्या आतून लिहिलेली आहे. त्यातली नायकाची पहिली घोडेचोरीची मोहीम वाच. तरुण पोरांची धाकधूक, एकमेकांना चिडवणं, सगळं आहे. तेच डोंगर, तेच घोडे, पण ‘सीमेपलीकडचा रानटी प्रदेश’ नाही, ते त्यांचं घर आहे. हे एक पुस्तक वाचलं की आधीच्या शंभर वेस्टर्नचा नकाशा उलटा दिसायला लागतो. माझा तसा झाला, वयाच्या चाळिशीनंतर. तुझा विशीत होऊ दे.

पॅट्रिक डिविट यांची ‘द सिस्टर्स ब्रदर्स’ सगळे डोक्यावर घेतात. मी साठ पानांवर सोडली. मारेकरी दात काय घासत बसतो! — डोंबिवली

तेच तर त्या पुस्तकाचं मर्म. १८५१ साल, ‘सिस्टर्स’ आडनावाचे दोन भाऊ पैसे घेऊन माणसं मारतात. त्यातला धाकटा, एलाय, आयुष्यात पहिल्यांदा दात घासण्याचा ब्रश आणि पूड मिळाल्यावर हरखून जातो. तोंडात आलेला तो गारवा त्याला एखाद्या वेगळ्या आयुष्याची चाहूल वाटते. त्याचा धिप्पाड, रखडणारा घोडा, ज्याला सोडायला तो तयार नाही, तोही तसाच. साठ पानांवर न थांबता घोड्याचं पुढे काय होतं तिथवर वाचा. तरीही नाही रुचली तर खुशाल सोडा, आवड लादता येत नाही.

आम्ही ओक्लाहोमात टल्सा इथे राहतो. तुमचं वाचून गेल्या शनिवारी फोर्ट स्मिथला जाऊन आलो, गाडीने दोन तास. न्यायाधीश पार्करचं कोर्ट बघितलं, फाशीचा चबुतरा पुन्हा बांधून ठेवलाय तो बघितला. मुलगी गप्प झाली. कादंबरीत हे वाचताना ती हसत होती. हे बरोबर झालं का? — एक आई

ताई, अगदी बरोबर झालं. पार्कर १८७५ ते १८९६ तिथे न्यायाधीश होते. त्यांनी १६० जणांना फाशी सुनावली, त्यातल्या ७९ जणांना प्रत्यक्ष दिली. कादंबरीत मॅटी त्या गावात पोचते त्याच दिवशी तीन फाश्या बघते आणि आपल्या नेहमीच्या सरळ आवाजात सांगते. तिच्या त्या सरळपणामुळेच ते दृश्य मनात रुततं. मुलीला जे कोर्टाच्या आवारात कळलं ते पुस्तकात आधीपासून होतंच.

मुलीला आणखी दोन गोष्टी सांगा. त्याच कोर्टासाठी बास रीव्हज नावाचे काळे डेप्युटी मार्शल काम करत. गुलामीत जन्मलेला हा माणूस पुढे तीस वर्षांहून अधिक काळ गुन्हेगारांच्या मागे घोडा दौडवत राहिला. जुन्या वेस्टर्न कादंबऱ्यांनी अशा माणसांना जागाच दिली नाही. आणि तुम्ही राहता ती जमीन म्हणजे तेव्हाचा ‘इंडियन टेरिटरी’. १८३० च्या दशकात चेरोकी, चॉक्टॉ आणि इतरांना घरातून हुसकून तिथे चालवत आणलं होतं. मॅटी आणि रूस्टर खुन्याच्या मागे शिरतात तो चॉक्टॉ लोकांचाच मुलूख. ‘ओक्लाहोमा’ हा शब्दही चॉक्टॉ भाषेतला.

मी ‘ट्रू ग्रिट’ची काही प्रकरणं हौसेने मराठीत करतोय. रूस्टरला वऱ्हाडी दिली. कोर्टात वकील विचारतो, तुम्ही मागे सरत होतात ते कुठल्या दिशेने? रूस्टर म्हणतो: “मांगं सरकताना माणूस मांगंच जाते न भाऊ!” मित्र म्हणतात, आर्कान्सॉत वऱ्हाड कुठून आलं? — अमरावती

तुमचं वाक्य मी मोठ्याने म्हणून बघितलं आणि एकटीच हसले. बसलंय ते. मित्रांना सांगा, वऱ्हाड आणि आर्कान्सॉ यांच्यात कापसाचा धागा आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईत भाव कुठल्या कुठे गेला. १८६५ ला युद्ध संपलं तसा बाजार कोसळला. रूस्टर त्याच युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेला, स्टोनहिल कापसाचा अडत्या. अमरावतीच्या माणसाला त्या गावातला गाड्यांचा आणि गठ्ठ्यांचा वास परका वाटणार नाही.

पण दोन गोष्टी जपा. बोली आली म्हणजे वाचकाने बोलीलाच हसावं, असं होऊ देऊ नका. रूस्टरच्या उत्तरात वकिलावर केलेली मात आहे. ती कळली पाहिजे, ‘जाते न भाऊ’ नुसतं गमतीदार वाटता कामा नये. म्हणून साक्षीच्या त्या प्रकरणात वकिलाला अगदी कडक कोर्टाची मराठी द्या: ‘आपण’, ‘सदर’, ‘उक्त’. दोन्ही शेजारी आल्या की काम होतं.

खरी कसोटी मॅटी आहे. तुम्ही पाठवलेल्या पानांत ती ‘अहो, असं काय करता, द्या ना पैसे!’ म्हणते. हे चालणार नाही. मॅटी ‘ना’ म्हणत नाही, ‘हं’ म्हणत नाही, लाडीगोडी लावत नाही. बायबल आणि वकिलाची नोटीस यांवर वाढलेली ती मुलगी आहे. तिच्या तोंडी मी असं काहीतरी घालून बघेन: ‘माझ्या वडिलांचा घोडा आपल्या ताब्यात असताना गेला. त्याची रक्कम मी आज संध्याकाळपर्यंत घेईन. न मिळाल्यास पुढचं बोलणं आमचे वकील करतील.’ एकही उद्गारचिन्ह नको. जिथे जिथे तुम्ही उद्गारचिन्ह घातलंय तिथे पूर्णविराम करा आणि पुन्हा वाचा. पुढची प्रकरणं मला जरूर पाठवा, मी ओळ न् ओळ वाचेन.

नातू अकरा वर्षांचा. त्याला रोज रात्री थोडं वाचून दाखवते. तुम्ही सांगता त्यांपैकी त्याला झेपेल असं काही? आणि यांच्यापैकी कुणी कधी आपल्या बाजूला आलं होतं का, असं तो विचारतो. — आजी, नाशिक

आजी, ‘रफिंग इट’मधले तुकडे वाचा, सलग नको. कोल्ह्याच्या जातीतल्या कायोटी या प्राण्याचं वर्णन आहे. हडकुळा, शेपूट घातलेला, कायम उपाशी. एक रुबाबदार कुत्रा त्याच्या मागे लागतो आणि कायोटी त्याला मैलोन्‌मैल अगदी नाकासमोर खेळवत नेतो. शेवटी कुत्रा माळावर एकटाच उभा, धापा टाकत. आणि लिलावात विकत घेतलेल्या त्या मेक्सिकन घोड्याचं प्रकरण, जो मालकाला सरळ आकाशात उडवतो. मराठीत सांगता सांगता वाचा, नातू झोपायचा नाही.

आणि हो, तो माणूस आपल्याकडे आला होता. जानेवारी १८९६ मध्ये मार्क ट्वेन मुंबईत उतरला, व्याख्यानं दिली आणि त्याबद्दल पुढच्याच वर्षी आलेल्या प्रवासाच्या पुस्तकात लिहिलं. नेव्हाडाच्या वाटेवर कायोटीला न्याहाळणारे तेच डोळे इथे कुणावर खिळले असतील? आपल्या कावळ्यावर. ट्वेन म्हणतो, हे कावळे गॅलरीच्या कठड्यावर येऊन बसत आणि मी खोलीत असताना माझ्याबद्दल चर्चा करत: माझे कपडे, केस, रंग, मी भारतात का आलो, आजवर फासावर कसा गेलो नाही. त्याने त्यांना हुसकलं तर ते थोडा वेळ हवेत फिरून पुन्हा कठड्यावर.

तो उतरला होता ते वॉटसन हॉटेल काळा घोड्याला होतं, बाहेरून लोखंडी सांगाड्याचं. हॉटेल कधीच बंद झालं. वाचनालयात मी हे पान मुलांना वाचून दाखवलं तेव्हा खिडकीत खरोखरच एक कावळा होता. एका मुलाने हात वर करून विचारलं, “बाई, हा पण आपल्याबद्दलच बोलतोय का?” आणि अख्खा वर्ग वळून त्याच्याकडे बघत बसला, तो उडून जाईपर्यंत.